फिनलंडला केव्हा जावे आणि तेथे गेल्यावर काय पाहावे

उत्तरवारा

फिनलंडच्या सहलीविषयी मला विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच चित्र असते: डिसेंबरचा शेवटचा आठवडा, रोवानिएमीचे सांताक्लॉजचे गाव आणि आकाशात हिरवा ध्रुवीय प्रकाश. नोकरीनिमित्त मी हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो या शहरात राहतो. येथे येणाऱ्या नातेवाइकांना आणि मित्रांना जे वारंवार सांगावे लागते, ते एकत्र मांडावे म्हणून हा धागा काढत आहे. माझे मुख्य म्हणणे असे की, या देशात स्थळांची यादी करून तारखा ठरवण्यापेक्षा आधी ऋतू ठरवावा आणि मग त्या ऋतूत काय पाहता येईल ते शोधावे. ऋतूबरोबर येथे केवळ हवामान बदलत नाही, दिवसाची लांबीच बदलते, आणि त्याचा अंदाज आपल्याकडे राहून येत नाही.

दक्षिण टोकाला असलेल्या हेलसिंकीत जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ १९ तासांचा दिवस असतो, तर डिसेंबरच्या त्याच सुमारास सूर्य सहा तासांपेक्षाही कमी वेळ क्षितिजावर असतो. आर्क्टिक वृत्तालगतच्या रोवानिएमीत तेव्हा जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा दिवस मिळतो. अगदी उत्तरेकडील उत्सयोकी परिसरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो मावळत नाही. देशाची दक्षिणोत्तर लांबी हजार किलोमीटरहून अधिक आहे, त्यामुळे ‘फिनलंडचे हवामान’ असे एकच काही सांगता येत नाही. डिसेंबरमध्ये हेलसिंकीत अनेकदा बर्फाऐवजी पाऊस आणि चिखल असतो, त्याच दिवशी उत्तरेकडील लॅपलंड या प्रदेशात उणे २० अंश असू शकतात. देशातील नोंदलेले नीचांकी तापमान उणे ५१.५ अंश असून ते जानेवारी १९९९ मध्ये कित्तिला भागातील पोक्का येथे नोंदले गेले.

आता ध्रुवीय प्रकाशाविषयी. तो दिसण्यासाठी काळोख आणि निरभ्र आकाश या दोन्ही गोष्टी लागतात. डिसेंबरात काळोख हवा तेवढा असतो, परंतु आकाश बऱ्याचदा ढगाळलेले असते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणि मार्चमध्ये आकाश तुलनेने स्वच्छ असते, शिवाय विषुवदिनाच्या आसपास या प्रकाशाची सक्रियता वाढते असे दीर्घकालीन नोंदी सांगतात. मार्चमध्ये लॅपलंडचा बर्फ वर्षातील सर्वांत जाड थरात असतो आणि दिवस बारा तासांचा झालेला असतो. म्हणजे दिवसा बर्फावर हिंडता येते आणि रात्री आकाशाची वाट पाहता येते. सप्टेंबर हा दुसरा उत्तम महिना होय. तेव्हा लॅपलंडमधील बुटकी झाडे आणि जमिनीलगतची झुडपे लाल-पिवळी होतात, डास संपलेले असतात, तळी अजून गोठलेली नसतात, आणि रात्र पुरेशी काळोखी झालेली असते. इतके असूनही सप्टेंबरात आपल्याकडचे पर्यटक फारसे का येत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

जून-जुलैमध्ये येणार असाल, तर दक्षिणेकडील सरोवरांचा प्रदेश आणि समुद्रकिनारा निवडावा. त्या काळात लॅपलंडमध्ये डासांचा इतका सुळसुळाट असतो की जंगलात दोन मिनिटे स्थिर उभे राहणे अवघड होते. २० ते २६ जून या काळात येणाऱ्या शनिवारी युहान्नुस हा मध्यग्रीष्माचा सण असतो. त्याच्या आदल्या दिवसापासून शहरे अक्षरशः रिकामी होतात, कारण सगळे आपापल्या सरोवराकाठच्या लाकडी घरांकडे जातात. अनेक संग्रहालये व उपाहारगृहे बंद असतात. त्या दोन दिवसांत हेलसिंकी पाहण्याचा बेत करू नये.

मृण्मयी_प

माहितीपूर्ण लेखन. आम्हाला मुलांच्या शाळेमुळे नाताळच्या सुट्टीतच प्रवास करता येतो. मुले सात आणि दहा वर्षांची आहेत. अशा वेळी जाऊच नये, असे आपले म्हणणे आहे का?

उत्तरवारा

तसे मुळीच नाही. मुलांसाठी डिसेंबरचे आकर्षण खरे आहे आणि सांताच्या गावातील सजावटही त्याच वेळी पूर्ण बहरात असते. माझा आक्षेप अपेक्षांना आहे, महिन्याला नाही. ध्रुवीय प्रकाश दिसलाच पाहिजे, हा आग्रह सोडून, कुत्र्यांची किंवा रेनडिअरची घसरगाडी, बर्फात खेळणे आणि सांताची भेट एवढ्यावर सहल आखलीत, तर मुले आनंदात राहतील. मात्र सकाळी अकराच्या आधी आणि दुपारी दीडनंतर सूर्य नसतो, फार तर काही वेळ संधिप्रकाश असतो, हे गृहीत धरून कार्यक्रम ठरवावा. निवासाचे दरही त्या पंधरवड्यात चढे असतात. बर्फातील सहली घडवणाऱ्या कंपन्या साधारणपणे अंगभर जाड पोशाख, बूट आणि हातमोजे सहलीच्या शुल्कातच देतात. त्यामुळे मुंबई-पुण्यातून महागडे जाकीट खरेदी करण्याऐवजी लोकरीचे आतले कपडे, लोकरी मोजे आणि कान झाकणारी टोपी यांवर खर्च करावा. घरे, दुकाने, आगगाड्या सर्व ठिकाणी आत उबदार असते, म्हणून एका जाड कपड्यापेक्षा सहज काढता-घालता येणारे थर बरे.

सांताचे गाव रोवानिएमी शहरापासून सुमारे आठ किलोमीटर उत्तरेस, आर्क्टिक वृत्तावर आहे. ते १९८५ पासून पर्यटनासाठी उभे केले गेले. फिनिश लोककल्पनेनुसार सांताचे घर रशियाच्या सीमेवरील कोर्वातुन्तुरी या डोंगरात आहे, आणि ही कल्पना १९२७ च्या रेडिओ कार्यक्रमातून रुजली. रोवानिएमी शहराविषयी मुलांपेक्षा पालकांनाच रस वाटेल अशी गोष्ट वेगळी आहे. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ते जवळजवळ पूर्ण जाळले आणि नंतर आल्वार आल्तो या वास्तुविशारदाने रेनडिअरच्या शिंगांच्या आकाराचा रस्त्यांचा आराखडा करून त्याची पुनर्रचना केली. तेथील आर्क्टिकुम संग्रहालयात हा सर्व इतिहास पाहायला मिळतो.

निवांत

मार्चची शिफारस मलाही पटते. फक्त एवढी भर घालतो की, रोवानिएमीत शहराच्या दिव्यांमुळे आकाश तितके काळोखी नसते. शक्य असल्यास आणखी उत्तरेला इवालोपर्यंत विमानाने जाऊन इनारी किंवा सारिसेल्का येथे राहावे. इनारीत सामी लोकांचे सिइदा हे संग्रहालय असून सामी संसदेची इमारतही तेथेच आहे. उत्तरेतील या मूळ रहिवाशांविषयी तेथे जे कळते, ते रेनडिअरच्या गाडीत बसून कळत नाही.

सह्यमित्र

मला दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, परवानगीशिवाय कोणाच्याही जंगलात हिंडता येते असे ऐकले, ते खरे आहे का? दुसरा, गिर्यारोहणाची आवड असणाऱ्यांसाठी तेथे काही आहे का? नकाशात देश अगदीच सपाट दिसतो.

उत्तरवारा

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. सह्याद्रीची सवय असलेल्याला येथे चढाई म्हणावी असे काही मिळणार नाही. सर्वोच्च ठिकाण असलेले हाल्ती हे सुमारे १,३२४ मीटर उंच असून ते नॉर्वेच्या सीमेवर, डोंगराच्या उतारावर आहे, आणि त्या डोंगराचे शिखर नॉर्वेत आहे! येथील आनंद चढण्यात नाही, चालत राहण्यात आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय, आणि माझ्या मते या देशातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. देशाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे आणि त्यातील मोठा हिस्सा खाजगी कुटुंबांच्या मालकीचा आहे. असे असूनही ‘प्रत्येकाचा हक्क’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परंपरेनुसार आणि कायद्यानुसार कोणीही, परदेशी पर्यटकसुद्धा, त्या जंगलातून पायी, स्कीवर किंवा सायकलवरून जाऊ शकतो, रानातील बोरांसारखी फळे आणि अळंबी गोळा करू शकतो, थोड्या काळासाठी तंबू ठोकू शकतो आणि साध्या गळाने मासेही पकडू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये निळी बिलबेरी आणि सप्टेंबरमध्ये लाल लिंगनबेरी शहराच्या कडेच्या जंगलातही विपुल असते. अळंबी मात्र माहीतगाराशिवाय तोडून खाऊ नये, कारण विषारी जातीही तेथेच उगवतात.

या हक्काच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. कोणाच्या अंगणात किंवा घराजवळ जाता येत नाही, पेरलेल्या शेतातून चालता येत नाही, झाड तोडता येत नाही, मोटार रस्ता सोडून नेता येत नाही आणि जमीनमालकाच्या परवानगीशिवाय शेकोटी पेटवता येत नाही. शेकोटीसाठी राष्ट्रीय उद्यानांत खास जागा केलेल्या आहेत. तेथे एका बाजूने उघडे असे लाकडी निवारे असतात आणि बहुतेक ठिकाणी जळाऊ लाकूडही ठेवलेले असते. ते सर्वांसाठी मोफत असते. वापरणाऱ्याने लागेल तेवढेच घ्यावे आणि जागा स्वच्छ ठेवून निघावे, एवढीच अपेक्षा. उन्हाळ्यात वणव्याचा इशारा जारी झाला, तर उघड्यावरची शेकोटी तेथेही चालत नाही. राष्ट्रीय उद्यानांना प्रवेशशुल्क नाही. हेलसिंकीत तीन-चार दिवस असलेल्यांनी अर्धा दिवस एस्पोजवळच्या नूक्सिओ राष्ट्रीय उद्यानासाठी राखून ठेवावा. आगगाडी आणि बस यांनी तासाभरात तेथे पोहोचता येते. दक्षिण किनारा आणि बेटांवर उन्हाळ्यात गोचिडांपासून जपावे. गवतातून चालताना पायमोज्यांत विजार खोचावी आणि संध्याकाळी अंग तपासावे.

मृण्मयी_प

शाकाहारी मंडळींचे काय? सासूबाई सोबत असतील आणि त्या अंडेही खात नाहीत.

निवांत

हेलसिंकी, एस्पो, ताम्पेरे आणि तुर्कू येथे काळजीचे कारण नाही. भारतीय उपाहारगृहे आहेत आणि फिनिश सुपरमार्केटमध्ये ओट्स, वाटाणा यांपासून केलेले वनस्पतिजन्य पदार्थ भरपूर मिळतात. मेनूवर पदार्थापुढे अक्षरे छापलेली असतात. ‘एल’ म्हणजे लॅक्टोजविरहित, ‘जी’ म्हणजे ग्लूटेनविरहित, ‘एम’ म्हणजे दूध नसलेला. ‘व्हीई’ असेल तर पूर्णपणे वनस्पतिजन्य. पहिली तीन अक्षरे पाहून पदार्थ शाकाहारी समजू नये. गुरुवारी अनेक ठिकाणी मिळणारे वाटाण्याचे सूप नावावरून निरुपद्रवी वाटते, पण त्यात बहुधा डुकराचे मांस असते. करेलियन पिरोगी, म्हणजे राईच्या पातळ पारीत भाताची खीर भरून भाजलेला पदार्थ, मांसविरहित असतो, मात्र त्यासोबत अंडे मिसळलेले लोणी देतात आणि ते वगळायला सांगता येते. लॅपलंडमध्ये पर्याय कमी होतात, म्हणून तेथे स्वयंपाकघर असलेली लाकडी झोपडी भाड्याने घ्यावी आणि डाळ-तांदूळ, मसाला सोबत न्यावा. नळाचे पाणी सर्वत्र पिण्यायोग्य आहे, बाटलीवर पैसे घालवू नयेत.

दुपारचे जेवण येथे लवकर, अकराच्या सुमारास सुरू होते, आणि कामाच्या दिवशी दुपारी मिळणारे बुफे जेवण संध्याकाळच्या जेवणाहून बरेच स्वस्त पडते. बक्षिसी देण्याची पद्धत नाही.

उत्तरवारा

कॉफीविषयी निवांत यांनी काही लिहिले नाही, ते मी पुरे करतो. दरडोई कॉफी पिण्यात हा देश जगात अगदी वरच्या क्रमांकांत असतो आणि कॉफी हलक्या भाजणीची, पातळ, पुन्हा पुन्हा पिण्याची असते. फिल्टर कॉफीच्या कडवटपणाची सवय असणाऱ्यांना ती मिळमिळीत वाटेल. तिच्यासोबतचा वेलदोड्याचा सुगंध असलेला दालचिनीचा पाव मात्र आपल्या जिभेला तत्काळ ओळखीचा वाटतो. सालमियाकी नावाची काळी खारट गोळी भेट म्हणून भारतात न्यायची असेल, तर घेणाऱ्याशी आपले संबंध किती घट्ट आहेत, याचा आधी विचार करावा.

लेखणी

सौनाचा, म्हणजे येथील गरम वाफेच्या स्नानाचा, उल्लेख आल्याशिवाय फिनलंडचा धागा पूर्ण होऊ शकत नाही. साडेपंचावन्न लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या देशात सुमारे तीस लाख सौना आहेत असा अंदाज सांगितला जातो. २०२० मध्ये युनेस्कोने फिनिश सौना संस्कृतीचा समावेश अमूर्त वारशाच्या यादीत केला. लाकडाच्या बाकांची खोली, कोपऱ्यात तापलेल्या दगडांची भट्टी आणि त्या दगडांवर पळीने टाकलेले पाणी, एवढेच तिचे साहित्य. पाणी टाकताच उठणाऱ्या वाफेला ल्योल्यू म्हणतात. तापमान साधारण ८० ते १०० अंश असते; ते आकडे ऐकून घाबरू नये, कारण हवा कोरडी असते. अगदी वरच्या बाकावर मात्र पहिल्याच दिवशी बसू नये.

आपल्या लोकांना खरा संकोच वाटतो तो वस्त्रांचा. स्त्रिया आणि पुरुष यांच्या स्वतंत्र सौनांत लोक विवस्त्र बसतात. हेलसिंकीतील, ल्योल्यू हेच नाव असलेल्या सौनासारख्या एकत्र सार्वजनिक सौनांत पोहण्याचा पोशाख घालतात. आत जाण्यापूर्वी स्नान करावे, बाकावर छोटा टॉवेल पसरून बसावे, नवे पाणी टाकण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारावे आणि गुदमरू लागल्यास बाहेर यावे. बाहेर येण्यात कोणताही कमीपणा मानला जात नाही. ताम्पेरेतील राजापोर्त्ती ही १९०६ पासून चालू असलेली सार्वजनिक सौना आजही लाकडावर तापवली जाते, आणि मला विचाराल तर राजधानीतील आधुनिक सौनांपेक्षा तिचाच अनुभव घ्यावा. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि सौनातून थेट बर्फाच्या पाण्यात उडी मारण्याचा उत्साह तर त्यांनी निश्चितच टाळावा.

सातारकर_आजोबा

सर्व चर्चा वाचली. हेलसिंकीला जाणाऱ्या मराठी माणसाने एक ठिकाण पाहिल्याशिवाय परतू नये असे मला वाटते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले ते याच शहरात. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक होते, आणि त्या प्रवासासाठी पैसे उभे करताना गावकऱ्यांनी आणि कोल्हापूरच्या लोकांनी केलेली मदत आमच्या पिढीने घरोघरी ऐकली आहे. ती स्पर्धा झाली ती जागा आज पाहता येते का?

उत्तरवारा

होय, आजोबा, बाहेरून नक्कीच पाहता येते. कुस्तीचे सामने त्योलो भागातील तत्कालीन प्रदर्शन सभागृहात, म्हणजे मेस्सुहाल्लीत झाले. ती इमारत ऑलिंपिक स्टेडियमच्या जवळ आजही उभी आहे आणि पुढे तिचा उपयोग क्रीडासभागृह म्हणून होत आला. मुख्य स्टेडियम मुळात १९४० च्या स्पर्धांसाठी बांधले होते, ते १९३८ मध्ये पूर्ण झाले, परंतु युद्धामुळे त्या स्पर्धा रद्द झाल्या आणि बारा वर्षांनी, १९५२ मध्ये, येथे ऑलिंपिक भरले. स्टेडियमच्या मनोऱ्याची उंची ७२.७१ मीटर आहे. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये माट्टी यार्विनेन या फिनिश खेळाडूने सुवर्णपदकासाठी भाला जितक्या अंतरावर फेकला, तीच ही उंची. मनोऱ्यावरून संपूर्ण शहर दिसते. मध्यवर्ती स्थानकापासून ट्रामने सहज पोहोचता येते.

सह्यमित्र

स्थानिक प्रवास, व्हिसा आणि पैसे यांविषयीही कोणी थोडक्यात सांगावे.

निवांत

फिनलंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि चलन युरो आहे. भारतीय नागरिकांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जास्त दिवस ज्या देशात राहणार, त्या देशाकडे अर्ज करावा. कार्ड सर्वत्र चालते, रोख रक्कम जवळजवळ लागतच नाही. भारत हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच तास पुढे असतो.

हेलसिंकीत बस, ट्राम, मेट्रो आणि उपनगरी आगगाडी यांना एकच तिकीट चालते. तिकीट ए, बी, सी, डी या क्षेत्रांप्रमाणे असते. विमानतळ सी क्षेत्रात असल्यामुळे तेथून शहरात येताना एबीसी तिकीट घ्यावे. शहरात फिरताना एबी पुरते. सुओमेनलिन्ना या १७४८ पासून उभारलेल्या सागरी किल्ल्यावर नेणारी बोटही त्याच तिकिटात बसते, हे अनेकांना माहीत नसते. किल्ला जागतिक वारसा असून तेथे आजही लोकवस्ती आहे. फाटकाशी तिकीट तपासले जात नाही, म्हणून तपासणीच होत नाही असे समजू नये. लॅपलंडला जाण्यासाठी रात्रीची आगगाडी सुमारे बारा तास घेते, तिचे आरक्षण लवकर केल्यास भाडे बरेच कमी पडते.

लेखणी

मोटार भाड्याने घेणाऱ्यांसाठी: दिवसाही दिवे चालू ठेवावे लागतात, आणि पहाटे व संध्याकाळी रस्त्यावर सांबरापेक्षा कितीतरी मोठा मूस किंवा रेनडिअरचा कळप येऊ शकतो. धडक झाल्यास ११२ वर कळवावे. वेगमर्यादेच्या गंभीर उल्लंघनाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारला जातो. हिवाळ्यात पायी चालणाऱ्यांनी कपड्यांवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी लटकवावी. ती स्थानिक लोकही लावतात आणि काळोखात तिचा वापर कायद्यालाही अपेक्षित आहे.

मृण्मयी_प

शेवटचा प्रश्न. हेलसिंकीहून बोटीने शेजारच्या देशात जाऊन येता येते का, आणि त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो का?

उत्तरवारा

एस्टोनियाची राजधानी तालिन समुद्रापलीकडे सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि मोठी बोट साधारण दोन तासांत पोहोचते. सकाळी जाऊन रात्री परतणे सहज शक्य आहे. तालिनचे मध्ययुगीन जुने शहर हेलसिंकीपेक्षा पर्यटकाला अधिक भुरळ घालते, हे येथे राहूनही मान्य करतो. स्टॉकहोमला जाणाऱ्या बोटी रात्रभर प्रवास करतात आणि वाटेत ओलांड बेटांवर थांबतात. ही स्वायत्त, स्वीडिशभाषक बेटे युरोपीय संघाच्या विक्रीकर क्षेत्राबाहेर असल्यामुळे बोटीवर करमुक्त खरेदी चालते, आणि अनेक प्रवासी केवळ तेवढ्यासाठीच बोटीत चढतात. एस्टोनिया आणि स्वीडन दोन्ही शेंगेन क्षेत्रात असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट मात्र सोबत ठेवावा, आणि डिसेंबरात जाणार असाल तर तालिनच्या नाताळच्या बाजारासाठी तो दिवस आताच राखून ठेवावा. मुलांना तेथील चौक रोवानिएमीइतकाच आवडेल आणि खर्च बराच कमी होईल.